भाषेला मतदारसंघ द्या, भाषेची मतदारयादी करू नका

युरोपीय संसदेत आज ७२० खासदार आहेत. त्यांतला एक खासदार बेल्जियमच्या पूर्व सीमेवरच्या अवघ्या नऊ नगरपालिकांतून निवडून येतो. ऑयपेन आणि सांक्ट फिट ही त्यांतली त्यातल्या त्यात ओळखीची नावे, बाकी छोटी गावे. या मुलखाची भाषा जर्मन आहे. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने तो बेल्जियमला मिळाला. तेव्हापासून सुमारे १ कोटी १७ लाखांच्या देशात ही जेमतेम ८० हजार माणसे डच आणि फ्रेंच या दोन मोठ्या भाषांच्या शेजारी आपली भाषा सांभाळून आहेत. १९९४ पासून त्यांना युरोपीय संसदेत हक्काची एक जागा आहे.

बेल्जियमच्या वाट्याला एकूण २२ जागा येतात. कायद्याने त्यांचे तीन भाषिक भाग केले आहेत: डच १३, फ्रेंच ८ आणि जर्मन १. सरासरी काढली तर देशात सव्वापाच लाख लोकांमागे एक खासदार पडतो, आणि या नऊ नगरपालिकांत ८० हजारांमागे एक. हे ऐकून कुणालाही वाटेल की एवढ्या थोड्या लोकांना इतके वजन देणे अन्याय आहे. पण युरोपीय संघाच्या करारानेच मुळात लहानांना झुकते माप दिले आहे. कोणत्याही देशाला ६ पेक्षा कमी आणि ९६ पेक्षा जास्त जागा मिळत नाहीत. त्यामुळे साडेपाच लाखांच्या माल्टाला ६ जागा आहेत आणि साडेआठ कोटींच्या घरातल्या जर्मनीला ९६. माल्टात ९० हजारांच्या आसपास लोकांना एक खासदार मिळतो, जर्मनीत पावणेनऊ लाखांना. ऑयपेनचे वजन माल्टाच्या वजनाइतकेच आहे. फरक एवढाच की माल्टा हा देश आहे आणि ऑयपेन हा एका देशातला भाषिक कोपरा आहे.

हा कोपरा मला महत्त्वाचा वाटतो, कारण बहुराष्ट्रीय संसदेच्या निवडणुकीत भाषेला जागा कशी द्यावी याचे इतके सुटसुटीत उदाहरण दुसरे नाही. आणि त्याच कारणाने, या उदाहरणावरून काढला जाणारा एक मोठा निष्कर्ष मला चुकीचा वाटतो.

तो निष्कर्ष असा. संसद साऱ्या युरोपची आहे, मग खासदार देशागणिक का निवडायचे? भाषेगणिक निवडा. जर्मनी, ऑस्ट्रिया, लक्झेंबर्ग, पूर्व बेल्जियम आणि इटलीतला दक्षिण टिरोल यांचा एक जर्मन मतदारसंघ करा. हंगेरी, दक्षिण स्लोव्हाकिया आणि रोमानियातल्या हंगेरियन भाषकांचा एक करा. फ्रान्स आणि बेल्जियमच्या फ्रेंच भाषक वालोनियाचा एक, नेदरलँड्स आणि बेल्जियमच्याच डच भाषक फ्लँडर्सचा एक. वादविवाद भाषेत होतो, वृत्तपत्रे आणि वाहिन्या भाषेच्या असतात, उमेदवाराला मतदाराशी दुभाष्यावाचून बोलता येते. म्हणून राजकीय समाज खरा भाषेचा असतो, सीमेचा नसतो, असा हा युक्तिवाद आहे. तो पोकळ नाही. २४ अधिकृत भाषांच्या संसदेत एका देशातल्या मतदाराने दुसऱ्या देशातल्या उमेदवाराचे भाषण थेट ऐकावे, हे सध्या फार क्वचित घडते.

आता हा मतदारसंघ कागदावर मांडून पाहा. जर्मन भाषेचा मतदारसंघ नऊ कोटींच्या पुढे जाईल. त्यात पूर्व बेल्जियमची ८० हजार माणसे हजारात एक एवढीही भरत नाहीत. आज त्यांचा स्वतःचा खासदार आहे. उद्या म्युनिक, हँबर्ग आणि व्हिएन्नात ठरलेल्या यादीत त्यांच्यातला कुणी शंभराव्या क्रमांकाच्या वर आला तरी नशीब. ऑयपेनच्या माणसाचे प्रश्न जर्मन भाषेचे नाहीत, सीमेवर राहण्याचे आहेत: नोकरी जर्मनीतल्या आखेनला आणि घर बेल्जियममध्ये असेल तर कर कुठे भरायचा, आजारी पडल्यावर कोणत्या देशाचा विमा चालणार, पदवी दोन्हीकडे ग्राह्य धरली जाईल का, सरकारी कागद आपल्या भाषेत मिळेल का. यातला एकही प्रश्न म्युनिकच्या मतदाराला पडत नाही. ज्याच्यासाठी भाषिक जागा निर्माण झाली, त्यालाच सीमापार भाषिक मतदारसंघ आधी गिळतो.

म्हणून आधी प्रश्न नीट मांडायला हवा. भाषिक जागा कुणाला हवी असते? ज्याची भाषा स्वतःच्या देशात अल्पसंख्य आहे त्याला. बर्लिनच्या जर्मन माणसाला ती नको असते. ९६ जागा त्याच्या भाषेच्याच आहेत. मग जागा राखायची ती त्या-त्या देशातल्या बहुसंख्यांच्या दडपणापासून, आणि ती त्या देशाच्या आतच आखावी लागते. सीमा ओलांडून सगळे भाषाबंधू एकत्र केले की अल्पसंख्य माणूस एका मोठ्या घरातून निघून दुसऱ्या मोठ्या घरात जातो आणि दोन्हीकडे पाहुणाच राहतो.

याच्या पलीकडे एक धोका आहे, आणि मध्य युरोपात तो पुस्तकी नाही. १९२० च्या ट्रियानोच्या तहात हंगेरीने आपला बहुतांश मुलूख गमावला आणि लाखो हंगेरियन भाषक एका रात्रीत शेजारच्या देशांचे नागरिक झाले. २०१० मध्ये हंगेरीने सीमेपलीकडच्या हंगेरियनांना सुलभपणे नागरिकत्व देणारा कायदा केला. स्लोव्हाकियाने लगोलग उलटा कायदा केला: स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घ्याल, तर आमचे जाईल. अशा वातावरणात स्लोव्हाकियातले कोशित्से आणि हंगेरीची राजधानी बुडापेस्ट एकाच मतदारसंघात घाला असे म्हणणे म्हणजे स्लोव्हाक माणसाच्या मनातल्या शंभर वर्षांच्या भीतीवर सरकारी शिक्का मारणे आहे. त्याची किंमत तिथल्या हंगेरियन माणसाला शाळेत, कचेरीत, रस्त्यावरच्या पाटीत मोजावी लागेल.

आणि हे होणारही नाही. ब्रेक्झिटमुळे ब्रिटनच्या ७३ जागा रिकाम्या होणार हे ठरले तेव्हा त्यांतल्या काही संपूर्ण युरोपच्या एका सामाईक मतदारसंघाला द्याव्यात असा प्रस्ताव आला. ७ फेब्रुवारी २०१८ ला संसदेनेच तो फेटाळला. ३ मे २०२२ ला संसदेने २८ जागांच्या सामाईक मतदारसंघाचा आराखडा मंजूर केला. तो देशांच्या सरकारांच्या परिषदेत अडकला, कारण तिथे एकमत लागते आणि नंतर प्रत्येक देशाची मान्यता लागते. जिथे भाषेचा उल्लेखही नसलेल्या २८ जागा पुढे सरकत नाहीत, तिथे भाषेच्या सीमेवर सगळा नकाशा नव्याने आखण्याला २७ देश हो म्हणतील ही आशा फोल आहे.

देशाच्या आत मात्र वाट मोकळी आहे. युरोपीय निवडणुकीच्या १९७६ च्या मूळ कायद्यात २००२ साली जी दुरुस्ती झाली, तिच्यानुसार प्रत्येक देशाला आपल्या परिस्थितीप्रमाणे मतदारसंघ पाडता येतात. मतांच्या प्रमाणात जागा या तत्त्वाला एकंदरीत धक्का लागू नये एवढीच अट आहे. बेल्जियमने हेच केले. त्यासाठी ब्रसेल्सच्या परिषदेची परवानगी लागत नाही.

खरी मेख पुढे आहे. जागा दिली, पण तिला मत कुणी द्यायचे? इथे बहुतेक देश एकाच चुकीकडे वळतात: ते माणसाच्या नावापुढे भाषा लिहायला लागतात.

बेल्जियमनेच ही चूक आधी केली होती. तिथे जनगणनेत भाषा विचारत आणि त्या आकड्यांवर गावाच्या कारभाराची भाषा ठरे. त्यामुळे जनगणना ही मोजणी राहिली नाही, ती निवडणूक झाली. लोक आपण काय बोलतो ते सांगत नव्हते, गाव कोणाच्या बाजूने जावे ते सांगत होते. १९४७ च्या गणनेच्या निकालावरून १९५४ मध्ये एव्हेरे, गान्सहोरेन आणि सिंट-आगाथा-बेर्खेम ही तीन गावे द्विभाषिक ब्रसेल्सला जोडली गेली, आणि फ्लँडर्समध्ये संतापाची लाट उठली. शेवटी १९६१ मध्ये कायद्याने भाषेची गणनाच बंद झाली. आज बेल्जियममध्ये किती लोक कोणती भाषा बोलतात याचा सरकारी आकडा नाही. भाषेवरून अख्खा देश विभागलेला असताना हे विचित्र वाटेल, पण मला तो त्या देशाचा फार शहाणा निर्णय वाटतो.

इटलीतल्या दक्षिण टिरोलने उलटा रस्ता धरला. तिथे प्रत्येकाने आपण जर्मन, इटालियन की लादिन (तिथलीच एक छोटी भाषा) गटाचे हे लिहून द्यायचे. सरकारी नोकऱ्या आणि घरे त्या प्रमाणात वाटली जातात. २०११ च्या गणनेत जर्मन ६९.४१ टक्के, इटालियन २६.०६ आणि लादिन ४.५३ टक्के होते. या व्यवस्थेने तिथला हिंसाचार थांबवायला मदत केली हे मान्यच करायला हवे. पण तिने कोणाला बाहेर ठेवले तेही पाहा. अलेक्झांडर लांगर हे तिथले हरित पक्षाचे नेते, युरोपीय संसदेचे सदस्य. भाषागटांमधल्या भिंती मोडाव्यात म्हणून आयुष्यभर झटलेला हा माणूस. त्यांनी आपला गट लिहून द्यायला नकार दिला होता. १९९५ मध्ये दक्षिण टिरोलची राजधानी बोल्झानोच्या महापौरपदासाठी ते उभे राहायला गेले तेव्हा या एका कारणावरून त्यांना उमेदवारी नाकारण्यात आली. दोन्ही भाषा आपल्या मानणाऱ्या माणसाला दोन्ही भाषांच्या शहराने उभेच राहू दिले नाही.

हंगेरीत आणखी वेगळी अडचण आहे. तिथे संसदेच्या निवडणुकीत १३ मान्यताप्राप्त अल्पसंख्य समाजांना स्वतःची यादी उभी करता येते आणि तिच्यातला पहिला खासदार नेहमीच्या एक चतुर्थांश मतांत निवडून येतो. ऐकायला उदार वाटते. पण त्यासाठी मतदाराने आधी आपल्या समाजाच्या मतदार म्हणून नोंद करायची, आणि अशी नोंद केली की पक्षांच्या यादीला मत देण्याचा हक्क जातो. म्हणजे सरकार कोणाचे यावे यात बोलायचे की आपल्या समाजाचा माणूस पाठवायचा, यातले एक निवडा. परिणाम व्हायचा तोच झाला: २०१८ आणि २०२२ मध्ये फक्त जर्मन समाजाला एक खासदार मिळाला, इतरांपैकी बहुतेकांना मत नसलेला प्रवक्ता. हक्क दिला, आणि त्याची किंमत इतकी ठेवली की तो कुणी वापरू नये.

स्लोव्हेनियाने हेच काम माणुसकीने केले आहे. तिथल्या ९० जणांच्या सभागृहात इटालियन आणि हंगेरियन समाजाला प्रत्येकी एक जागा आहे. त्या समाजाच्या मतदाराला दोन मतपत्रिका मिळतात, एक सर्वसाधारण आणि एक समाजाची. २००२ च्या जनगणनेत इटालियन २,२५८ आणि हंगेरियन ६,२४३ एवढेच होते. म्हणून एका माणसाला दोन मते कशी, असा वाद न्यायालयात गेला, आणि १९९८ मध्ये घटना न्यायालयाने ही व्यवस्था मान्य केली. तिथेही वेगळी मतदारयादी आहे, हे खरे. ती चालते कारण समाज अगदी लहान आहेत, ती यादी त्या समाजाची स्वायत्त संस्था करते, आणि यादीत नाव घातल्याने काहीच गमवावे लागत नाही. स्लोव्हेनियाचा नमुना मला आदराचा वाटतो. पण लाखांच्या समाजाला तो लागू करायला गेले की यादी करणाऱ्याच्या हातात निवडणूक जाते.

हे महाराष्ट्रातल्या वाचकाला वेगळे समजावून सांगायला नको. आपल्या विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी ७ पदवीधरांच्या आणि ७ शिक्षकांच्या आहेत. या मतदारसंघांची यादी दर निवडणुकीआधी नव्याने करतात. जुने नाव आपोआप चालत नाही; पदवीधराने १८ क्रमांकाचा अर्ज, शिक्षकाने १९ क्रमांकाचा, सोबत पदवीची किंवा सेवेची कागदपत्रे. पात्र लोकांपैकी थोडेच नाव नोंदवतात. ज्या संघटनेचे किंवा पक्षाचे कार्यकर्ते घरोघरी अर्ज भरून घेतात, त्यांची निम्मी लढाई मतदानाआधीच झालेली असते. वेगळी यादी आली की निवडणूक मतपेटीत न होता नोंदणीत होते. पदवीधर असण्याने निदान कुणाची ओळख दुखावत नाही. भाषेच्या यादीत मात्र शेजारी शेजाऱ्याची नोंद तपासू लागतो.

आणि आपल्याकडचा याहून जुना, याहून कडू अनुभवही आहे. १९०९ च्या सुधारणांनी मुसलमानांना विभक्त मतदारसंघ दिले: जागा वेगळ्या, आणि मतदारही वेगळे. १९३२ च्या जातीय निवाड्याने तेच दलितांना देऊ केले. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला पुणे करार झाला. विभक्त मतदारसंघ गेले, राखीव जागा राहिल्या. प्रांतिक कायदेमंडळांत त्या निवाड्यातल्या ७१ वरून १४८ झाल्या. त्या कराराने दलितांचे भले झाले की नाही यावर महाराष्ट्रात आजही मतभेद आहेत आणि ते साधार आहेत. जागा राखीव असली तरी उमेदवार बहुसंख्यांच्या मर्जीचा निवडला जातो हा आक्षेप डॉ. आंबेडकरांनी स्वतः पुढे वारंवार मांडला. तो आक्षेप भाषिक जागेलाही लागू आहे आणि त्याला बगल देऊन चालणार नाही. स्वातंत्र्यानंतर आपल्या घटनेच्या कलम ३२५ ने एका मतदारसंघाची एकच मतदारयादी ठेवली आणि धर्म, वंश, जात, लिंग यांवरून खास यादीत नाव मागता येणार नाही असे सांगितले. भाषेचा त्या कलमात उल्लेख नाही. भाषेचा प्रश्न पुढे १९५६ मध्ये राज्यांच्या सीमा आखून हाताळला गेला. जिथे सीमा चुकली, तिथे बेळगाव राहिले.

मग यादी नको आणि जागा तर हवी, हे जमवायचे कसे? त्याचे उत्तर ब्रसेल्सच्या मतदान केंद्रात मिळते. ब्रसेल्स शहर द्विभाषिक आहे. तिथल्या मतदाराच्या नावापुढे भाषा लिहिलेली नसते. युरोपीय निवडणुकीत तो यंत्रापुढे उभा राहतो, आधी डच की फ्रेंच हा गट निवडतो, मग त्या गटातली यादी, मग हवे तर यादीतला उमेदवार. पाच वर्षांनी त्याला गट बदलता येतो. कुणाला विचारावे लागत नाही, कुणाला कळत नाही. फ्लँडर्समध्ये मतदारापुढे फक्त डच गट येतो, वालोनियात फक्त फ्रेंच. भाषा उमेदवाराला विचारली जाते, मतदाराला नाही. हा फरक मला सगळ्यात मोलाचा वाटतो: जो लोकांचे प्रतिनिधित्व मागतो त्याने आपली भाषा जाहीर करावी, जो मत देतो त्याच्या भाषेशी सरकारला कर्तव्य नाही.

या पद्धतीतही बिघाड होतात आणि ते कशामुळे होतात हे पाहायला हवे. पहिला बिघाड हद्दीचा. २०१२ पर्यंत ब्रसेल्स आणि भोवतीच्या ३५ फ्लेमिश (म्हणजे फ्लँडर्समधल्या) नगरपालिका मिळून ब्रसेल्स-हाले-व्हिल्व्होर्डे असा एकच मतदारसंघ होता. फ्लँडर्समध्ये राहूनही तिथल्या फ्रेंच भाषकांना ब्रसेल्सच्या फ्रेंच याद्यांना मत देता येई. २००३ मध्ये घटना न्यायालयाने संसदेच्या निवडणुकीपुरती ही रचना विसंगत ठरवली. सरकारांना तोड काढता येईना. एप्रिल २०१० मध्ये याच प्रश्नावर सरकार पडले, आणि पुढच्या निवडणुकीनंतर नवे सरकार यायला ५४१ दिवस लागले. २०१२ मध्ये मतदारसंघ तोडला. फ्रेंच भाषकांना खास सवलती असलेल्या ६ नगरपालिकांतल्या मतदारांना तेवढी ब्रसेल्सच्या याद्यांची मुभा ठेवली. धडा असा की निवड कुठे करता येईल याची हद्द आधी स्पष्ट, छोटी आणि कायद्यात लिहिलेली हवी.

दुसरा बिघाड ब्रसेल्सच्या प्रादेशिक विधिमंडळात दिसतो. तिथे ८९ जागांपैकी ७२ फ्रेंच आणि १७ डच. सरकार बनवायला दोन्ही गटांत बहुमत लागते. त्यामुळे १७ जणांपैकी ९ हाती आले की सगळ्या शहराचा कारभार अडवता येतो. २००४ मध्ये अतिउजव्या फ्लेमिश पक्षाने नेमके हेच हेरून फ्रेंच भाषकांकडेही मते मागितली. जून २०२४ च्या निवडणुकीनंतर दोन्ही गटांत बहुमत असलेली मोळी बांधता येईना आणि वर्ष उलटून गेले तरी सरकार बनले नाही. मतदाराने परक्या गटाची यादी निवडणे हा इथे मूळ रोग नाही. मूळ रोग जागेला जोडलेल्या नकाराधिकारात आहे. युरोपीय संसदेत ऑयपेनच्या खासदाराला ७२० मध्ये एक मत आहे, कुणाचे काही अडवण्याची ताकद नाही. म्हणून तिथे परक्या मतांची शिकार करायला कुणी जात नाही.

तिसरा बिघाड एका जागेचा आहे आणि त्याबद्दल ऑयपेनमध्येच अधिक बोलले गेले पाहिजे. जागा एकच असल्याने ज्याला सर्वाधिक मते तो निवडून येतो. १९९४ पासून आजवर ही जागा ख्रिस्ती सामाजिक पक्षाकडेच आहे: आधी वीस वर्षे माथियू ग्रोश, २०१४ पासून पास्काल आरिमोंट. दोघांच्या कामाबद्दल माझी तक्रार नाही. पण तिथल्या समाजवादी किंवा हरित मतदाराचे मत तीस वर्षे कुठेच पोचलेले नाही, कारण ते फ्रेंच गटातल्या त्याच विचाराच्या पक्षाच्या बेरजेत जात नाही. यावर उपाय पसंतीक्रमाचा. स्लोव्हेनियातल्या अल्पसंख्य जागांसाठी मतदार उमेदवारांना क्रम देतात. आयर्लंडमध्ये युरोपीय निवडणूकही क्रमानेच होते. आपल्याकडे राज्यसभेला आणि वर सांगितलेल्या पदवीधर मतदारसंघांना तीच रीत आहे. एका जागेच्या मतदारसंघात तरी पसंतीक्रमाशिवाय निवडणूक घेऊ नये.

इटलीचा युरोपीय कायदा वरवर पाहिला तर सर्वांत सोपा आहे. वाले दाओस्ताचे फ्रेंच, बोल्झानोचे जर्मन आणि फ्रिउलीचे स्लोव्हेन भाषक यांच्या यादीला एखाद्या राष्ट्रीय पक्षाच्या यादीशी जोडून घेता येते, आणि तिच्यातल्या उमेदवाराने वैयक्तिक ५० हजार मते मिळवली तर जागा मिळू शकते. दक्षिण टिरोलला हे जमते. २००९ पासून हर्बर्ट डोर्फमान तसेच निवडून येत आहेत. पण वाले दाओस्ताची सगळी लोकसंख्याच सव्वा लाखाच्या आत आहे. तिथे एका उमेदवाराने ५० हजार मते आणायची कुठून? तीन भाषांसाठी केलेली सवलत एकाच भाषेच्या उपयोगाची ठरली, कारण आकडा लोकसंख्येच्या प्रमाणात न ठेवता सरसकट ठेवला.

या सगळ्याचा उपयोग आज सर्वाधिक कुठे व्हावा, तर स्लोव्हाकियात. तिथे सुमारे साडेचार लाख लोकांची मातृभाषा हंगेरियन आहे, बहुतेक दक्षिण सीमेच्या पट्ट्यात. दुनाइस्का स्त्रेडा आणि कोमार्नो या जिल्ह्यांत ते बहुसंख्य आहेत. २००४ पासून तीन निवडणुकांत त्यांच्या पक्षांचे खासदार युरोपीय संसदेत गेले. २०१९ मध्ये एकही गेला नाही. पूर्ण देश एकच मतदारसंघ आणि किमान ५ टक्के मतांची अट. हंगेरियन पक्षाला ४.९६ टक्के पडली. समाजातूनच निघालेल्या दुसऱ्या पक्षाची मते धरली तर बेरीज ७ टक्क्यांच्या पुढे जात होती, म्हणजे फूट हेही कारण आहेच. बेळगाव, खानापूरच्या मराठी मतदाराला हे दुखणे ठाऊक आहे: २०१८ आणि २०२३ मध्ये कर्नाटक विधानसभेत महाराष्ट्र एकीकरण समितीचा एकही आमदार पोचला नाही, आणि त्यात बंडखोरीचा वाटा मोठा होता. पण समाज एकजुटीने उभा राहिला तरच त्याला आवाज, नाही तर नाही, ही अट बहुसंख्यांना कुणी घालत नाही. स्लोव्हाक मते सात पक्षांत विभागली तरी स्लोव्हाक भाषा संसदेत असतेच.

माझी सूचना अशी. स्लोव्हाकियाच्या १५ जागांपैकी एक दक्षिण पट्ट्यातल्या त्या नगरपालिकांची करावी, जिथे अल्पसंख्य भाषेच्या वापराचा कायदा आधीच हंगेरियनला लागू आहे. त्यामुळे हद्दीवर नवा वाद नको. उमेदवाराला या पट्ट्यातल्या ठरावीक मतदारांच्या सह्या लागाव्यात. भाषेची परीक्षा नको, वंशाचा दाखला नको. राखीव जागेवर बहुसंख्यांचा मर्जीतला माणूस बसतो या जुन्या आक्षेपाला हे निम्मे उत्तर आहे, उरलेले निम्मे पसंतीक्रमात आहे. मतदाराचे काम तर तिथल्या रिवाजामुळे फारच सोपे होते. स्लोव्हाकियात मतदाराच्या हाती प्रत्येक पक्षाची वेगळी मतपत्रिका देतात. पडद्याआड जाऊन तो त्यांतली एक पाकिटात घालतो, बाकीच्या तिथेच टाकून देतो. त्या गठ्ठ्यात एक जादा मतपत्रिका ठेवली की झाले. ज्याला भाषिक जागेसाठी मत द्यायचे तो ती पाकिटात घालेल, ज्याला राष्ट्रीय पक्षाला द्यायचे तो दुसरी. एक मतदार, एक पाकीट, एक मत. पाकीट उघडेपर्यंत कुणी कोणती निवडली ते कळणार नाही आणि उघडल्यावरही कुणाची ते कळणार नाही. राजधानी ब्रातिस्लाव्हात राहणाऱ्या हंगेरियन भाषकाला मागणी केल्यास ही मतपत्रिका मिळावी का, यावर दुमत होऊ शकते. मला वाटते सुरुवातीला देऊ नये, कारण मागणी केली की नोंद आली.

विखुरलेल्या रोमा समाजाला या उपायाचा फायदा नाही, हे मी मान्य करतो. त्यांची वस्ती एका पट्ट्यात नाही. त्यांच्यासाठी किमान मतांची अट उठवणे हाच मार्ग आहे. जर्मनीतल्या श्लेस्विग-होल्स्टाइनने डॅनिश अल्पसंख्यांच्या पक्षाला आणि पोलंडने जर्मन अल्पसंख्यांच्या यादीला ती माफ केलेलीच आहे. काही ठिकाणी तर काहीच करावे लागत नाही. फिनलंडमध्ये लोकसंख्येच्या नोंदवहीत मातृभाषा लिहिलेली असते, पण संसदेची जागा तिच्यावर अवलंबून नसल्याने तिचे राजकारण होत नाही, आणि स्वीडिश भाषकांचा पक्ष खुल्या यादीतूनच आपला एक खासदार पाठवतो. सायप्रसने २०१९ मध्ये ग्रीकबहुल पक्षाच्या यादीतून नियाझी किझिल्युरेक या तुर्की भाषक प्राध्यापकाला निवडून दिले. ज्या बेटावर १९६० च्या घटनेने दोन समाजांच्या दोन मतदारयाद्या केल्या आणि तीन वर्षांत सगळे कोसळले, तिथे हे घडले याचे मोल फार आहे.

युरोपीय संसदेची पुढची निवडणूक २०२९ मध्ये आहे. निवडणुकीच्या मूळ नियमांत शेवटच्या वर्षात बदल करू नये, असे घटना आणि निवडणुकांवर सल्ला देणाऱ्या युरोपातल्या व्हेनिस आयोगाची आचारसंहिता सांगते. म्हणजे ब्रातिस्लाव्हाच्या संसदेला हा कायदा उशिरात उशिरा २०२८ च्या वसंतापर्यंत करावा लागेल. आणि त्यासाठी तिला बुडापेस्टला विचारायची गरज नाही, ब्रसेल्सलाही नाही.